उतरायला जागा नसलेलं बेट

१८४४ साली कॉर्बी नावाच्या गृहस्थांना मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राउंड आयलंड या निर्मनुष्य बेटावर, खडकाच्या कपारीत, महाकाय कासवाची एक मादी सापडली. त्यांनी ती मॉरिशसला आणली. तिथं तिला बरीच पिल्लं झाली आणि कॉर्बींनी ती मित्रमंडळींत वाटून टाकली. गोष्ट एवढीच. निकोलस पाइक हे अमेरिकेचे मॉरिशसमधले कॉन्सल. १८७३ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात ही हकिकत थोडक्यात येऊन जाते. वाचणाऱ्याचा पाय मात्र तिथंच अडकतो. मॉरिशसच्या मुख्य भूमीवरची महाकाय कासवं तोवर संपून शंभराहून अधिक वर्षं झाली होती. कासव अन्नपाण्यावाचून महिनोन्महिने तग धरतं, त्यामुळे डच आणि फ्रेंच खलाशांना ते जहाजावर न्यायला फार सोयीचं पडलं. ताजं मांस हवं तेव्हा मिळणार, मीठ लावायला नको, वाळवायला नको. माणसांच्या तावडीतून जी सुटली त्यांची अंडी-पिल्लं डुकरांनी आणि उंदरांनी फस्त केली. म्हणजे कपारीतली ती मादी त्या वंशातली जवळजवळ अखेरचीच.

आणि तिची पिल्लं वाटून टाकली. कुणाला?

नर नसताना पिल्लं कशी झाली, याचं उत्तर तसं अवघड नाही. कासवाच्या मादीच्या अंगात नराचं वीर्य काही वर्षं टिकून राहू शकतं. म्हणजे त्या कपारीच्या आसपास थोड्याच वर्षांपूर्वी एखादा नर हिंडत असणार. किंवा मॉरिशसला आणल्यावर कुणाच्या परसातल्या पाळीव परदेशी नराशी तिची गाठ पडली असेल आणि पिल्लं संकराची निपजली असतील. मॉरिशसच्या कासवांच्या दोन जाती होत्या. ती त्यांपैकी कोणती, याचा त्या नोंदीत पत्ता नाही. कॉर्बी दुष्ट होते असं मुळीच नाही. दुर्मिळ जीव दिसला, कौतुकानं उचलला, चार ओळखीच्यांना भेट दिला. या बेटाच्या इतिहासात असे सज्जन हात वारंवार भेटतात, म्हणून तर मन त्या एका मादीपाशी घुटमळत राहतं.

राउंड आयलंडला मॉरिशसचे लोक फ्रेंच वळणानं इल रोंद म्हणतात. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून साडेबावीस किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे २१९ हेक्टर, माथ्याची उंची २८० मीटर. नाव गोल, पण बेट काही गोल नाही. शेजारच्या सर्पंट आयलंडवर साप नाहीत आणि इथं मात्र सापांच्या दोन जाती होत्या, त्यामुळे जुन्या नकाशांत कधीतरी नावांची अदलाबदल झाली असावी असं मानतात. सगळा डोंगर ज्वालामुखीच्या राखेचा, थरावर थर बसून दगड झालेला. हा दगड बसॉल्टासारखा कणखर नसतो. पावसाचं पाणी त्यात घळी पाडतं, वारा त्याला पोखरतो, आणि वरची माती एकदा सुटली की खाली उताराचे तासलेले, चटके देणारे पाट उघडे पडतात. पुळण नाही, खाडी नाही, बंदर तर नाहीच.

होडीतून इथं उतरणं हे आजही काम आहे. वर्षाचा बराच काळ आग्नेयेचा वारा जोरात असतो, म्हणून होडी आडोशाच्या अंगाला आणतात. ती कातळाला टेकवायची नसते. टेकली की फुटली. नाखवा इंजिन चालू ठेवून तिला कातळापासून हातभरावर तोलून धरतो. लाट होडीला उचलते, वर पोचल्यावर क्षणभर ती थबकते, आणि उडी त्याच क्षणी मारायची असते. लाट उतरायला लागल्यावर मारली तर पाय कातळाच्या शेवाळलेल्या पट्ट्यावर पडतो, आणि पुढची लाट माणसाला होडी आणि खडक यांच्या मध्ये आणून सोडते. पाठीवर ओझं घेऊन उडी मारायची नाही, दोन्ही हात मोकळे हवेत. सामान मागाहून, घट्ट झाकणाच्या पिंपांत भरून दोरानं वर ओढायचं. समुद्र बिघडला तर न्यायला येणारी होडी येत नाही, म्हणून पाणी आणि शिधा ठरलेल्या मुक्कामापेक्षा जास्त दिवसांचा ठेवायचा. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, तेव्हा तर अंदाज दोनदा पाहायचा. हल्ली हेलिकॉप्टरनंही जातात, त्यामुळे ही कसरत बरीच कमी झाली आहे.

पण याच कसरतीनं बेट वाचवलं. उंदीर बेटावर पोचतो तो किनाऱ्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरावरून, उतरवलेल्या मालाच्या पोत्यातून, नाहीतर फुटलेल्या गलबतातून. जिथं जहाज लागतच नाही तिथं उंदराला वाट नाही. मॉरिशसच्या मुख्य भूमीवर डोडोसकट कितीतरी जीव गेले आणि तिथल्या मोठ्या सरड्यांच्या, सापांच्या जातीही उंदरांपुढे टिकल्या नाहीत. राउंड आयलंडवर मात्र उंदीर कधी पोचला नाही, मांजर वसलं नाही, मुंगूस आलं नाही. परिणाम असा की या एवढ्याशा डोंगरावर स्थानिक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आठ जाती विसाव्या शतकापर्यंत नांदल्या: तीन चोपया (सापसुरळ्या), तीन पाली आणि दोन साप. त्यांतली टेलफेअरची चोपई भलती धीट. माणूस जेवायला बसला की ती ताटाशी हजर असते, बुटाच्या नाड्याही चावून पाहते. जिनं शत्रूच पाहिला नाही तिला बिचकायचं कशाला हे ठाऊक नसतं. हा भाबडेपणा पाहायला गोड वाटतो. तोच उंदराच्या एका जोडीपुढे काही वर्षांत संपतो.

बेटाचं पहिलं नीट वर्णन करणाऱ्यांत मॉरिशसचे सर्व्हेयर जनरल कॅप्टन जॉन ऑगस्टस लॉइड यांचं नाव येतं. तेही १८४४ मध्येच तिथं गेले. हे गृहस्थ मोठे नमुनेदार. त्याआधी पनामाच्या संयोगभूमीची मोजणी करून आलेले, मॉरिशसचा पीटर बोथ हा सुळका चढलेले. १८३६ च्या एप्रिलअखेरीस बीगल जहाज मॉरिशसला लागलं तेव्हा चार्ल्स डार्विन यांना त्यांनी आपल्या बंगल्यावर मुक्कामाला नेलं आणि परतताना अर्ध्या वाटेपर्यंत स्वतःचा हत्ती दिला. बेटावर हत्ती तो एकच. एवढं धूड चालतं आणि पावलांचा आवाज नाही, याचं डार्विनना सर्वांत जास्त नवल वाटलं. राउंड आयलंडशी या हत्तीचा काही संबंध नाही, पण त्या काळच्या मॉरिशसमध्ये जनावरं किती सहज समुद्रापार नेली-आणली जात, याचा अंदाज त्यावरून येतो. हत्ती भारतातून येऊ शकतो, तर चार बोकडं शेजारच्या बेटावर सोडायला कितीसा वेळ लागणार?

लॉइड यांच्यानंतर पाव शतकानं, १८६८-६९ च्या सुमारास, गव्हर्नर सर हेन्री बार्कली, पक्ष्यांचे जाणकार एडवर्ड न्यूटन आणि आपले पाइकसाहेब यांच्या बेटावर फेऱ्या झाल्या. बार्कलींनी लंडनच्या क्यू उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना इथल्या वनस्पतींविषयी कळवलं, आणि राउंड आयलंड हे काहीतरी विलक्षण प्रकरण आहे हे युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. पाइक यांच्याबद्दल एक बारीक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. मॉरिशसला येण्याआधी, १८५० च्या आसपास, न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये इंग्लंडहून चिमण्या आणून सोडण्याच्या खटाटोपात ते पुढे होते. त्या चिमण्यांनी पुढं सगळी अमेरिका व्यापली. आणि हेच गृहस्थ बाहेरून आणलेल्या जनावरांनी पोखरायला घेतलेल्या बेटाची वर्णनं आपल्यासाठी मागे ठेवतात. त्या पिढीला यात विसंगती दिसली नाही. निसर्ग म्हणजे हवं तिथं हवं ते मांडायचा दिवाणखाना, अशीच समजूत होती.

या सगळ्यांनी पाहिलेलं बेट ताडाच्या जातीच्या झाडांनी झाकलेलं होतं. पंख्यासारख्या निळसर पानांचा लाटानिया. तळाशी फुगलेल्या बुंध्याचा आणि डोक्यावर जेमतेम पाच-सहा पानं मिरवणारा बॉटल पाम. हरिकेन पामचा इथलाच एक प्रकार. आणि आपल्या केवड्याच्या कुळातलं पँडॅनस. माथ्याकडे कठीण लाकडाच्या झाडांचं रान. बॉटल पाम आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकांपाशी दिसतो म्हणावं, तर बहुतेक ठिकाणी त्या नावानं खपलेला असतो तो क्यूबाचा रॉयल पाम. खरा बॉटल पाम ठेंगू असतो, तीन-चार मीटरच्या आसपास थबकतो. नर्सरीत जगभर विकला जाणारा हा पाम मुळात या एका डोंगरावरचा, आणि तिथं त्याची फळं धरणारी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

ससे आधी आले, बोकडं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. फुटलेल्या जहाजातले लोक उपाशी मरू नयेत, शिकारीला काही मिळावं, म्हणून बेटांवर जनावरं सोडायची रीतच होती. बोकड आणि ससा एकत्र आले की रानाला सुटका नाही. बोकड मागच्या पायांवर उभा राहून वरचं ओरबाडतो, सालं सोलतो, उतारावर खुरांनी माती मोकळी करतो. ससा जमिनीलगतचं पाहतो. ताडाच्या रोपाला वाढीचा कोंब एकच असतो. सशानं तेवढा कुरतडला की रोप मेलं, फांदी फुटून ते पुन्हा उभं राहत नाही. म्हणून या बेटाचं मरण शंभर वर्षं दिसलंच नाही. मोठी झाडं उभी होती, फळं धरत होती, खाली बी पडून रुजतही होतं, फक्त त्यातलं एकही वर येत नव्हतं. दुरून जहाजातून पाहणाऱ्याला हिरवळ दिसायची. मग एकेका चक्रीवादळात म्हातारी झाडं पडत गेली आणि त्यांची जागा घ्यायला मधल्या वयाचं कुणी नव्हतं. माथ्यावरचं कठीण लाकडाचं रान पार गेलं. मुळं गेली, माती सुटली, घळींतून समुद्रात गेली. १९५७ मध्ये बेटाला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला. कागदावर. ससा कागद वाचत नाही.

मातीबरोबर काय गेलं हे दोन सापांवरून कळतं. दोघे बोआच्या लांबच्या नात्यातले, या भागाखेरीज जगात कुठं नाहीत. त्यांतला बोलिएरिया निमुळत्या तोंडाचा, लांबट गोल अंगाचा, बिळात आणि पालापाचोळ्यात राहणारा असावा अशीच त्याची ठेवण. त्याला घुसायला भुसभुशीत जमीन लागे. तीच उरली नाही. १९७५ मध्ये तो जिवंत दिसला, त्यानंतर नाही. दुसरा कॅसेरिया. त्याच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध सांध्यानं दुभागलेलं असतं. जिवंत कशेरुक प्राण्यांत अशी रचना दुसरीकडे नाही. चोपईचं अंग गोल, टणक, गुळगुळीत खवल्यांचं. सरळ जबड्यातून ते निसटतं. सांध्यातून वाकणारा जबडा त्याच्याभोवती वळतो आणि धरून ठेवतो. पिल्लं जन्मतात ती भगव्या रंगाची, मोठेपणी करडी-तपकिरी होतात, आणि तोच साप दिवसा गडद तर रात्री फिकट दिसतो. हा खडकाच्या भेगांत आणि लाटानियाच्या गळलेल्या पानांत निभावून गेला.

१९७६ आणि १९७७ मध्ये ब्रिटिश प्राणितज्ज्ञ-लेखक जेराल्ड डरेल या बेटावर गेले आणि इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयासाठी चोपया, गुंथरच्या पाली आणि कॅसेरिया घेऊन आले. पकडायची पद्धत साधी: लांब काठी, तिच्या टोकाला बारीक दोरीचा सरकफास, आणि उन्हं चढायच्या आत काम उरकायची घाई, कारण दहानंतर कातळावर हात ठेववत नाही. खरं अवघड पुढं होतं. सापाची अंडी उबवून पिल्लं निघाली, पण ती खाईनात. मोठा साप उंदराच्या पिल्लावर राजी होतो, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला हवी पाल. मग पालींची पैदास आधी, किंवा सापाच्या तोंडात हळूच घास सरकवायचा, तोही एवढ्याशा जबड्याला इजा न होता. यात वर्षं गेली. १९८२ मध्ये तिथं पैदास साधली. कॉर्बींनी एक मादी उचलली आणि डरेल यांनीही जनावरं उचललीच. पण यांनी प्रत्येकाची वंशावळ ठेवली, वजनं लिहिली, कुठून कुठं गेलं ते नोंदवलं. मला यातला फरक हेतूचा वाटत नाही, वहीचा वाटतो.

बेटावर मात्र ससे असेपर्यंत हे सगळं उसनवारीचं होतं. बोकडं गोळ्या घालून १९७९ पर्यंत संपवली. बोकड उघड्यावर दिसतो, कळपानं फिरतो, बंदुकीचं ते काम आहे. ससा बंदुकीनं संपत नाही. नव्वद टक्के मारले तर उरलेल्यांना चारा मुबलक होतो आणि दोन-तीन विणींत संख्या पूर्ववत. संपवायचे तर शेवटच्या मादीपर्यंत, नाहीतर हातच लावू नये. १९८६ मध्ये न्यूझीलंडचे डॉन मर्टन यांना यासाठी बोलावलं गेलं. बेटं मोकळी करण्याच्या कामात त्या देशाचा हात तेव्हाच बसलेला होता. औषध वापरलं ब्रोडिफॅकूम. ते शरीरातलं के जीवनसत्त्व पुन्हा वापरात येऊ देत नाही, मग रक्त गोठत नाही आणि जनावर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावानं मरतं. हा मधला उशीरच कामाचा. खाल्ल्या खाल्ल्या जोडीदार तडफडला तर बाकीचे शहाणे होतात, आमिषाला तोंड लावत नाहीत. इथं तसा संबंध जुळतच नाही, आणि एकदा पोटभर खाल्लेलं पुरतं. वेळ निवडायची ती चारा वाळलेला असताना, म्हणजे भूक आमिषाकडे आणते. पसरायचं असं की एकाही सशाचं हिंडायचं क्षेत्र कोरडं राहता कामा नये. घळ अवघड म्हणून सोडली तर त्या घळीतूनच सगळं पुन्हा सुरू होतं. नंतर महिनोन्महिने ताज्या लेंड्या, कुरतडलेले कोंब शोधत फिरायचं.

एक गोष्ट बिघडली. धान्याच्या त्या गोळ्या पावसानं भिजून मऊ झाल्या आणि धीट टेलफेअर चोपयांनी त्या खाल्ल्या. रक्त गोठण्याची क्रिया सरपटणाऱ्या प्राण्यांत वेगळी, म्हणून त्यांना बाधणार नाही असा कयास होता. काही चोपया मेल्या. एकूण संख्येच्या मानानं ते नुकसान बेटानं पचवलं आणि ससे गेले ते कायमचे. पुढं जगभरच्या अशा मोहिमांत ही नोंद कामाला आली. सरडे-चोपया असलेल्या बेटावर पाऊस बघून आमिष टाकावं, हे इथं मोजलेल्या किमतीतून आलेलं शहाणपण आहे.

ससे गेल्यावर दोन-चार पावसाळ्यांत लाटानियाची रोपं गुडघ्याएवढी झाली. दीड शतकात पहिल्यांदा. पण ज्यांनी आता स्वर्ग अवतरणार असं धरलं होतं त्यांना तणानं गाठलं. ससा स्थानिक रोपं खात होता तसं बाहेरचं तणही खात होता. तो गेल्यावर डेस्मँथससारखी शेंगवर्गीय झुडपं उतारावर उसळली आणि त्यांच्या दाटीत वाळ्याच्या कुळातलं इथलं मूळ गवत मागे पडायला लागलं. तण हातानं उपटायचं तर शेंगा धरायच्या आत. एकदा बी सांडलं की जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. उतारावर वाकून दिवसभर उपटणारी चार माणसं आणि २१९ हेक्टर. हिशेब जुळत नाही. बेटाला चरणारं कुणीतरी हवंच होतं, फक्त ते बोकड नको होतं.

चरणारं कोण होतं हे माहीत होतं. २००७ मध्ये सेशेल्समधल्या अल्दाब्रा प्रवाळबेटाची महाकाय कासवं आणि मादागास्करची किरणांच्या नक्षीची कासवं बेटावर आणून सोडली, आधी थोडीच, पिल्लावस्थेत मॉरिशसमध्ये वाढवलेली. कासव वाढलेलं बुटकं गवत आणि तण निवांत चरतं, गळलेली फळं खातं, बी दुसरीकडे टाकतं. इथली मूळ झाडं कासवांच्या सोबतीनंच घडलेली असल्यानं त्यांची रोपं चरण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. बाहेरच्या तणाला ते कसब नाही. प्रयोग जमला, संख्या शेकड्यांत गेली. यामागे एक जुना धागा आहे. १८७४ मध्ये अल्दाब्रावर लाकूडतोडीचा घाट घातला जात होता तेव्हा तिथली कासवं वाचवा, असा अर्ज मॉरिशसच्या गव्हर्नरकडे गेला. प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट गुंथर त्यामागे होते आणि सही करणाऱ्यांत हूकर होते, डार्विनही होते. मॉरिशसची स्वतःची कासवं तोवर हातची गेलेली होती. शास्त्रज्ञांना शहाणपण एका बेटाचा उशीर करून सुचलं असं म्हणावं लागेल, पण सुचलं म्हणून आज बदली तरी मिळाली. काही जाणकारांना ही बदली पटत नाही, परका प्राणी तो परकाच म्हणतात. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण मग उतारावरचं तण कोण खाणार?

बेटावर आता फील्ड स्टेशन आहे, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याची माणसं आळीपाळीनं राहतात. सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम बेटावर पाऊल ठेवण्याआधीचं. बंद खोलीत सगळं सामान जमिनीवर ओतायचं. बुटाच्या तळव्याच्या खाचा काडीनं कोरायच्या. मोजे उलटे करायचे, खिशाच्या शिवणी, टोपीची घडी, तंबूच्या झिपची पट्टी, आणि वेल्क्रो; वेल्क्रोत कुसळं जितकी अडकतात तितकी दुसरीकडे कुठंच नाही. धान्य-कडधान्य सीलबंद डब्यांतून. शोधायचं ते हे: मुंग्या, गोगलगाई, पाल, डब्याखाली चिकटलेलं अंड्याचं पुंजकं. रोपवाटिकाही बेटावरच ठेवली आहे, कारण कुंडीतल्या मातीबरोबर काय काय येईल याचा नेम नसतो. बी बेटावरचंच, माती बेटावरची, लागवड पावसाच्या तोंडाशी.

या खोलीत ज्यांना अडवतात त्यांची यादी वाचली तर आपल्या परसातली हजेरी वाटते. साळुंकी टोळ खातील म्हणून भारतातून मॉरिशसला नेली अठराव्या शतकात. शिपाई बुलबुल, बागेतला सरडा, कवड्या साप, प्लेगच्या उंदरांवर उपाय म्हणून १९०० मध्ये मुंगूस, आणि चिचुंदरी. यांत चिचुंदरीची धास्ती सर्वांत मोठी, कारण ती चिमूटभर वाटेनं शिरते आणि सापळ्यात नीट सापडत नाही. शेजारच्या फ्लॅट आयलंडवर नारिंगी शेपटीची एक छोटी चोपई फक्त तिथंच उरली होती. २००८ ते २०१० दरम्यान तिच्यातल्या काहींना खबरदारी म्हणून गनर्स क्वॉइन या दुसऱ्या बेटावर हलवलं. त्याच सुमाराला फ्लॅट आयलंडवर चिचुंदरी आली आणि मागे राहिलेल्या चोपया थोड्याच काळात संपल्या. हलवलेल्या तेवढ्या वाचल्या. थोडा उशीर झाला असता तर ही जात आज स्पिरिटच्या बाटलीत पाहावी लागली असती.

फ्लॅट आयलंड आणि त्याला लागून असलेलं गॅब्रिएल बेट ही माणसांच्या क्वारंटाइनचीही जागा होती. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या मजुरांना कॉलऱ्याच्या भीतीनं गॅब्रिएलवर उतरवून ठेवलं आणि त्यांतली शेकडो माणसं तिथंच मेली. मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे लोकही याच वाटेनं पोर्ट लुईला लागले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मॉरिशसमध्ये विठ्ठलाच्या देवळात भजनं म्हणतात. उत्तरेकडून येणाऱ्या गलबतावरून आधी दिसायची ती ही बेटं. कोकणचा डोळा असलेल्या माणसाला राउंड आयलंडचा ताडांनी भरलेला उतार बघून काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणारे गव्हर्नर आणि कॉन्सल होते.

सगळ्या शिस्तीला चकवून एक पाहुणा मात्र बेटावर आला आहे आणि त्याला कुणी हाकलत नाही. पेट्रेल हे खोल समुद्रावरचे पक्षी, जमिनीवर येतात ते फक्त विणीपुरते. राउंड आयलंडवरच्या पेट्रेलांची पहिली खात्रीची नोंद १९४८ च्या सुमाराची. लॉइड, बार्कली, पाइक यांच्या काळच्या वर्णनांत ते नाहीत. जवळची जात पाहावी तर त्रिंदाद पेट्रेल, ज्याचं घर ब्राझीलच्या पलीकडे अटलांटिकमध्ये. मग त्यांच्यात प्रशांत महासागरातल्या केर्मॅडेक पेट्रेलची ठेवण दिसली, हेरल्ड पेट्रेलचीही. डीएनए तपासल्यावर स्पष्ट झालं की इथं तीन जाती एकमेकींत मिसळून वीण करतात, आणि तसा संकर जगात अन्यत्र माहीत नाही. ज्या बेटावर वेल्क्रोतलं कुसळ चिमट्यानं काढतात तिथं दोन महासागरांतून आलेल्या या मिश्र कुळाला राखायचं, असं ठरलं. ते आपल्या पंखांनी आले, एवढा एकच निकष. कातळाच्या ओट्याखाली, उघड्यावरच, पेट्रेल एक अंडं घालतो. कर्मचारी पिल्लू उचलून कापडी पिशवीत घालतात, काट्याला लावून वजन घेतात, पायात कडं चढवतात. उचलताना डोकं आपल्यापासून लांब धरायचं, कारण घाबरलं की ते पोटातलं मासळीचं तेल पिचकारीसारखं ओकतं, आणि त्याचा वास कपड्यांतून कितीही धुवा, जात नाही.